मागच्या खोलीतला पारा

आमच्या सासऱ्यांची मागची खोली म्हणजे घरातलं दुसरं घर होतं. दवाखान्यांतली रक्तदाब मोजायची जुनी यंत्रं तिथे दुरुस्तीला येत. पारा मळला की सासरे तो चामड्याच्या तुकड्यात बांधून उघड्या हातांनी पिळत आणि खाली वाटीत लखलखीत थेंब टपटपत. ते पाहताना माझंही भान हरपायचं, खोटं कशाला बोलू?

सासूबाई त्या खोलीचा केर काढत, त्यामुळे त्यांची सोन्याची अंगठी अधूनमधून पांढरी पडे. मग सासरे ती चिमट्यात धरून स्वयंपाकघरातल्या गॅसवर तापवत. पांढरेपणा उडून जाई, सोनं पुन्हा पिवळं. दोघांनाही त्याचं भारी कौतुक. उडून तो जातो कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. सासूबाईंच्या हातातला कप बशीवर वाजू लागला, त्या एवढ्यातेवढ्यावरून रडू लागल्या, तेव्हा सगळे वयाकडे बोट दाखवून मोकळे झाले. मला तेव्हा पाचवा महिना होता. मी त्यांची लघवी तपासायला पाठवली. पारा निघाला, शरीराला सोसेल त्याच्या कितीतरी पट.

सासऱ्यांना मी समजावलं, की पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही, ती श्वासातून मेंदूपर्यंत जाते आणि पोटातल्या बाळालाही सोडत नाही. त्यांनी हसण्यावारी नेलं. जन्मभर पाऱ्यात हात घातलेत, मला काय धाड भरलीय, म्हणाले. मला संतापाने रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जेवायला बोलवायला गेले आणि दारातच थबकले. दुरुस्त झालेली यंत्रं फळीवर ओळीने उभी होती. दंडाला बांधायचे पट्टे गुंडाळून खाली ठेवलेले. तरी प्रत्येक नळीतला पारा हलत होता. किंचित वर, किंचित खाली. सगळ्या नळ्यांत एकदम.

सासरे हातातला चिमटा तसाच धरून बघत होते.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तू दारात आलीस तेव्हापासून."

मी मागे सरले. पारा खाली बसला. पुढे आले. उठला.

मी मनगटावर बोटं ठेवली. माझी नाडी ती नव्हती. हा ठेका जवळजवळ दुप्पट जलद होता, आणि माझ्या ओळखीचा. डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवून मला तो ऐकवला होता.

भीती नंतर वाटली. आधी नुसतीच थक्क झाले. एवढंसं काळीज, आणि भिंतभर.

सासऱ्यांनी चिमटा खाली ठेवला.

"सूनबाई, तू बाहेर हो," ते हळूच म्हणाले. "मी बंद करतो हे सगळं."

त्यांनी शब्द पाळला. असला घातक माल नेणारी माणसं बोलावून सगळा पारा त्यांच्या हवाली केला. आम्ही घरही बदललं. सासूबाईंचा कप हळूहळू गप्प झाला. मला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. नव्या घरात पाऱ्याचा कण नाही; हवा मी स्वतः तपासून घेतली आहे.

काल दूध पिता पिता तिने माझं अंगठीचं बोट मुठीत धरलं आणि तशीच झोपली. बऱ्याच वेळाने मी ते अलगद सोडवून घेतलं.

अंगठी गॅसवर धरायची नाही, एवढं आता मला कळतं. मी ती डबीत घट्ट बंद करून ठेवली आहे. पिवळ्या सोन्यावर चार पांढरे ठसे आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे.