तंबूतला चंद्र

भर दुपारी तो खांद्यावर फाटका तंबू घेऊन ताडपत्रीच्या दुकानात शिरला. तंबू साधा नव्हता बरं, हवा भरून फुगवायचा अन् आत शाळेच्या पोरांना चंद्र-तारे दाखवायचे. आज इथं, उद्या तिथं, असला फिरता गडी.

"आज होईल?"

"आधी पाणी प्या," शिलाई मशीनवरची पोरगी म्हणाली. "घाई मग करा."

तिच्याकडे बघत प्यायला, तर अर्धं पाणी शर्टावर! पलीकडे तिचा बाप उगाचच खोकला.

मग तंबू वरचेवर फाटायला लागला. चौथ्यांदा आला तेव्हा तिनं कड बोटांनी चाचपली.

"हे फाटलेलं नाही. कापलंय."

"वारा फार होता हो..."

"वाऱ्याच्या हातात कात्री होती?"

गड्याचे कान लाल. पोरीला हसू आलं. पण उद्या तिला बघायला पाहुणे येणार होते. बापाची नजर अधू झालेली, दुकान सोडायचं नाही हे तिचं पक्कं. आणि हा तर एका जागी टिकणारा नव्हे!

शिवून झाल्यावर कुठून उजेड झिरपतो ते बघायला दोघं फुगवलेल्या तंबूत शिरली. त्यानं यंत्र लावलं. वर चंद्र उगवला.

"हा पडत कसा नाही?"

"पडतोच आहे. पृथ्वी ओढते ना त्याला. पण त्याला पुढं पळायचाही वेग आहे. म्हणून आदळत नाही, अन् सुटतही नाही... फिरत राहतो."

"म्हणजे ओढ सगळी तिचीच?"

"छे! तोही तिला तेवढाच ओढतो. तीही हलते थोडी. जड आहे, म्हणून दिसत नाही."

ती सरळ त्याच्याकडे वळली.

"ऐका. दुकान मी सोडणार नाही. तुम्ही फिरणं सोडू नका. फिरा — पण वळून इथंच या."

"आणि... तू?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिनं बरोब्बर टिपलं.

"सुट्टीला मी येईन. तुम्ही असाल तिथं."

त्यानं तिचा हात धरला. घट्ट.

बाहेरून बाप ओरडला, "काय गं, येतोय का उजेड?"

"नाही, बाबा! अन् उद्याच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा. माझं ठरलंय."

बाहेरून बापाचा आवाज आला,

"ठरलंय ना? मग अंधारात काय बसलाय? जावयाला बाहेर आण, बघू दे तरी!"