बोट चोखते

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मी कुणाच्या दारात साक्ष द्यायला जाणार नाही.

घडलं माझ्या सुनेच्या बाबतीत, आमच्याच घराच्या मागच्या अंगणात. आणि रात्रीबित्री नाही... लख्ख उजेडात. दोरीवर कपडे वाळत होते, शेजारचा रेडिओ चालू होता. भुताला अंधार लागतो असं ज्याने कुणी उठवलंय, त्याने आमची बोट पाहिली नव्हती.

माझं आणि सूनबाईचं कशावरही जमत नाही. मी पूर्व म्हटलं की ती पश्चिमेला तोंड करणार. तरीही ती सांगते ते शब्दन् शब्द खरं आहे असं मी म्हणतेय. यावरून काय ते ओळखा.

सून भलतीच स्वच्छतेची. फडकं धुवायला वेगळं फडकं ठेवणारी. आणि माझा मुलगा हौशी. त्याने तळ्याकाठच्या एका माणसाकडून जुनी बोट आणली. दोघांनी वल्हवायची, चौघं बसतील एवढी. बाहेरून पांढरी. आतला तांबडा रंग उडून उडून गुलाबी झालेला.

ओल्या हिरडीसारखा.

"थोडी गळते, बाकी झकास आहे," विकणारा म्हणाला होता.

"तुला शेंडी लावली त्याने," मी मुलाला म्हटलं.

"आई, गळती काय, एका सुट्टीत काढतो."

बोटीला सगळ्यात जास्त कोण भाळलं असेल तर ती ठकी. माझी नात. सात वर्षांची, लोण्याच्या गोळ्यासारखी. येणारा-जाणारा तिचा गाल ओढून म्हणायचा, "खाऊन टाकू का गं तुला?"

तेव्हा आम्ही हसायचो.

ती तिघं निघाली त्या पहिल्याच फेरीत बोटीत पाणी आलं. फार नाही, पाऊल भिजेल एवढं. मुलगा म्हणाला, गळतेय, परत फिरू. सुनेने हात बाहेर काढून तळ्याचं पाणी चाचपलं. गारेगार.

मग पायाखालचं चाचपलं...

कोमट.

तिने हात वर उचलला तर बोटांमधून तार निघाली. लांब. तुटेना. तिने रुमालाने हात पुसला आणि तो रुमाल काठावर आल्याबरोबर फेकून दिला. रुमाल फेकणारी बाई नाही ती.

बोट गाड्यावर घालून अंगणात आणली. मुलाने ठरवलं, पुढच्या रविवारच्या आत गळती काढायची. ठकीला कबूल केलं होतं, रविवारी तळ्याच्या मधोमध नेईन. ठकी जो भेटेल त्याला सांगत सुटली.

गळती शोधायची रीत सोपी. पाण्यातली बोट बाहेरचं पाणी आत घेते, तर जमिनीवर उलटं करायचं. आत नळी सोडून बाकापर्यंत पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं. जिथून थेंब पडेल तिथे खडूची खूण.

नवरा-बायको खडू घेऊन गाड्याखाली बसले. वाट बघितली. मान अवघडली.

एक थेंब पडला नाही.

तळाला हात लावला तर कोरडा ठणठणीत. सुनेचा खडू कोराच्या कोरा राहिला.

"मग आत येतं कुठून?" ती म्हणाली.

"दोन तळ असतात. मध्ये पोकळी. जुनं पाणी तिथे अडकलं असेल," मुलगा म्हणाला. शिकलेला आहे, उत्तर खिशात तयार असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तळाचं बूच काढलं. भरलं होतं नळाचं स्वच्छ पाणी. आणि बाहेर आलं...

घट्ट. फेसाळ. शेंबडासारखं लोंबत लोंबत. मध्येच अडलं आणि मग भसकन आलं. त्यात केसांचा बुचका, आणि एक बटण. बदकाच्या आकाराचं. लहान पोरांच्या कपड्यांना असतं तसलं.

वास विचारू नका. सकाळी उठल्यावर दात न घासता कुणी तोंडाजवळ येऊन बोललं की येतो ना? तो वास. अंगणभर.

सून न्हाणीत धावली आणि पोटातलं सगळं बाहेर काढून आली. मला वाटलं, पाळणा हलणार. विचारलंसुद्धा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून काढता पाय घेतला.

मुलाने बटणाबद्दल त्या विकणाऱ्याला फोन केला. "आमच्याकडे लहान मूल नाही हो," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "आता." आणि फोन ठेवला. पुन्हा कधी लागला नाही.

"बोट परत करा," सून म्हणाली.

"जुन्या बोटीत कचरा निघणारच. तू नाकाने कांदे सोलू नकोस."

मग त्याने बोट आतून फडक्याने पुसून काढली, दिवसभर उन्हात तापवली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे अंगाला लावायची पावडर भुरभुरली. आता जिथे ओल धरेल तिथे फट. सून जवळ स्टूल टाकून बसली. मी ओट्यावर काकडी चिरत होते.

बराच वेळ काही नाही. पावडर पांढरी शुभ्र.

तेवढ्यात ठकी आली. बोटीच्या काठावर पोट टेकवून आत वाकली, आणि...

बाकाखाली ओली रेघ उमटली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अर्धगोल. बघता बघता रेघेचा ओघळ झाला. पावडरीचं पीठ भिजून चिकट गोळे झाले.

सुनेने ठकीला मागे ओढलं. ओघळ जागच्या जागी थांबला.

"बघा, गळतेय!" मुलगा खूश.

मी आपलं सहज बोलून गेले. "हे गळणं नाही रे. गळायला भोक लागतं. काकडीला मीठ लावलं की आपोआप सुटतं ना, तसं पाणी सुटतंय हिला."

कुणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही.

मुलाने त्या रेघेवर खरवडलं. खाली बारीक फट सापडली. लाकडाच्या भेगा भरतात ती जाड लांबी मळून त्याने ती फट बुजवायला घेतली. अर्धी झाली, संध्याकाळ झाली. उरलेली उद्या, म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवायला बसताना सुनेने ठकीचा हात पाहिला. उजव्या हाताचं पहिलं बोट पांढरं फटक. सुरकुतलेलं, फुगलेलं, नख मऊ पडलेलं. वास घेतला. तोंडाचा वास.

"घोडी झालीस आणि बोट चोखतेस?"

"मी नाही. बोट चोखते," ठकी म्हणाली.

"तेच म्हणतेय मी! बोट चोखतेस!"

"अगं मम्मी, बोट चोखते!"

"उलट बोलू नकोस. पुन्हा चोखताना दिसलीस तर बघ."

ठकीने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. मी पण म्हटलं, "ऐकावं मम्मीचं. घाणेरडी सवय आहे ती." कधी नव्हे ते आम्ही सासू-सुना एका बाजूला, आणि ते नेमकं चुकीच्या.

नखं कुरतडणाऱ्या पोरांना लावतात ते कडू औषध सुनेने आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने राहिलेली लांबी भरली, वरून कापड चिकटवलं आणि कामावर गेला. सुनेने ठकीच्या दहाही बोटांना औषध लावलं आणि धुणं घेऊन मागे आली.

दोरीवर चादर टाकत होती, तेव्हा आवाज आला...

थू.

माणूस थुंकतो तसा. पण मोठा. आणि बोटीच्या आतून.

सून बोटीकडे गेली. आत बघितलं. बाकाखालची लांबी उपटून मधोमध पडली होती. वाळून दगड झाली असेल असं वाटलं होतं. ती चघळून चघळून गोळा झालेली. गोळ्यावर दाबाच्या खुणा, ओळीने. भोवती फेस.

आणि बोटीच्या पलीकडे ठकी उभी. हात पाठीमागे.

"मम्मी, तू कडू लावलंस ना... म्हणून थुंकली ती."

"कोण?"

"बोट."



"मी तुला सांगत होते ना," ठकी म्हणाली. "बोट चोखते. मी आत बोट घातलं की चोखते. गुदगुल्या होतात."

सुनेने पोरीला काखोटीला मारलं आणि थेट माझ्यासमोर आणून उभं केलं. आजवर कधी माझा हात न धरणारी बाई, माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "आई, तुम्ही म्हणालात ना, काकडीला सुटतं तसं? काकडीला नाही हो. तोंडाला सुटतं तसं. आवडीचं समोर आलं की."



मुलाला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, दोघी मिळून एक गोष्ट रचायला लागलात, हेच मोठं आश्चर्य. लांबीत काही मिसळायचं राहिलं असेल, म्हणून सुटली. वाद झाला, घर डोक्यावर घेतलं. शेवटी त्याने बोटीवर ताडपत्री टाकून चहूकडून दोरीने आवळली आणि म्हणाला, "रविवारी बघू."

रविवारी जेवणं झाली. मुलगा गाडा गाडीला जोडायच्या तयारीत. सून म्हणाली, माझी पोर जाणार नाही. तो म्हणाला, तिला कबूल केलंय. वाटल्यास पोरीलाच विचार.

विचारायला गेलो तर ठकी नाही.

खोलीत नाही. न्हाणीत नाही. पलंगाखाली नाही. शेजारचा रेडिओ बंद होता. अंगणात कसलाच आवाज नाही...

आणि तो वास.

ताडपत्रीच्या गाठी जशाच्या तशा. एकही सैल नाही. पण ताडपत्री मधोमध आत ओढली गेली होती, गाल आत ओढल्यासारखी. आणि सावकाश हलत होती. आत. बाहेर. आत.

गाठी सोडायला सून थांबली नाही. नारळ सोलायचा कोयता घेतला आणि ताडपत्री उभी फाडली.

ठकी तळाला निजली होती. डोळे मिटलेले. अंगभर तो चिकट फेस. पायातले बूट-मोजे नाहीत. केस एका बाजूला चापून बसलेले, गायीने वासरू चाटून काढावं तसे. अंगाची कातडी पांढरी, सुरकुतलेली. कपाळापासून टाचेपर्यंत.

सुनेने ओढली तर येईना. खालून काहीतरी धरून होतं. घट्ट नाही. जिभेवरची गोळी कुणी टाळूला लावून धरतं ना, तेवढंच. तिने कोयता तळात घातला. दोनदा घातला.

चप्प.

पोर हातात आली.

श्वास चालू होता. डोळे उघडले आणि म्हणाली, "मम्मी, भूक लागली."

मुलगा सगळं बघत उभा होता. हसला नाही. खिशातलं उत्तरही निघालं नाही. त्याने गाडा जोडला, बोट तळ्यावर नेली, बूच काढून फेकून दिलं आणि तिला पाण्यात ढकललं.

कोयत्याने तळ फाटलेला, बूच नाही. दगडासारखी बुडायला हवी होती.

बुडाली नाही. कोरडीच्या कोरडी तरंगत मधोमध गेली. वारा नव्हता. सकाळी मुलगा बघायला गेला तेव्हा तळं रिकामं होतं.

सुनेने ठकीला सात पाण्यांनी आंघोळ घातली. डॉक्टर म्हणाले, पोर ठणठणीत आहे. खरंच ठणठणीत. चार घास जास्तच जेवते.

फक्त सकाळी तिची उशी ओली असते. पोरं झोपेत लाळ गाळतात, मला का माहीत नाही? माझी पाच झाली. पण अभ्रा बदलताना सून नाक मुठीत धरते आणि मी खिडकी उघडते.

परवा माझी लेक बाळंत होऊन घरी आली. बाळ असं गोंडस, गुबगुबीत. ठकी हट्टाला पेटली, मांडीवर द्या म्हणून. दिलं. खाली वाकून तिने त्याची इवलीशी बोटं हातात घेतली. बघत राहिली.

"खाऊन टाकावंसं वाटतं ना गं?" लेक हसत म्हणाली.

ठकीचं तोंड किंचित उघडं होतं.

बाळाच्या गालावर एक थेंब पडला... तार तुटली नव्हती.

बाळाला उचलायला सून आणि मी, दोघींनी एकदमच हात पुढे केले.