भरतीत वाळू दिसत नाही

संचिता, मोबाईलचा टॉर्च आधी बंद कर. उजेडात वाचायला परिपत्रकं पुष्कळ असतात. नोकरीत जन्मभर तेच केलं. लाइट यायची तेव्हा येईल. आणि रत्नदीप, ही गोष्ट कुणाच्या पणजोबांची नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस ठाकुर्लीत राहतो, रोज सकाळी दूध आणायला बाहेर पडतो. नाव संदेश. आडनाव सांगणार नाही, कारण तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तर त्या रात्री संदेश निघाला होता मावशीला घरी पोचवायला. साधं काम. तारीख दोन ऑक्टोबर, साल दोन हजार चोवीस. त्या वर्षी गांधीजयंती आणि सर्वपित्री अमावास्या एकाच दिवशी आली होती. म्हणजे सत्य आणि पितर, दोघांची सही एकाच मस्टरवर. संदेशच्या घरी आईचं पान वाढलं होतं आणि आईची धाकटी बहीण, रंगूबाई, जेवायला आली होती. तिचं घर खाडीपलीकडे, कोनगावात. दुपारचं जेवण, मग झोप, मग चहा, मग मालिका, मग पुन्हा जेवण, असं करता करता अकरा वाजून गेले. संदेशनं स्कूटर काढली.

मागे बसून मावशीचा एकच विषय चालू होता.

"श्रावणबाळानं कावडीतून नेलं, तू विमानातून नेलंस रे पोरा. माझे दोन आहेत. कल्याणच्या बाजारात ने म्हटलं तर म्हणतात, रिक्षानं जा."

हेल्मेटच्या आतला माणूस नुसता गप्प आहे की शरमलाय, हे मागच्याला कळत नाही. तेवढी सोय असते त्यात.

आता हे विमानाचं प्रकरण काय ते सांगतो.

मंजुळाबाई, म्हणजे संदेशची आई, कोकणातली. लहानपण समुद्राकाठी गेलं, पण समुद्राकडे कामाशिवाय बघायला कधी मिळालं नाही. मासळी वाळत घाल, उलट, कावळे हाकल, टोपली भर. लग्न होऊन ठाकुर्लीला आली. एका वर्षी रंगाच्या दुकानाचं कॅलेंडर घरात आलं. मे महिन्याच्या पानावर निळा समुद्र, त्यातून सरळ वर आलेले दोन टोकदार डोंगर, मधे पांढरी वाळू, आणि वाळूवर चिटपाखरू नाही. जून उजाडला तरी ते पान काही उलटलं गेलं नाही. ती म्हणायची, "तिथं एकदा नुसतं बसायचंय मला. टोपली न घेता." संदेश तेव्हा शाळेत. ही जागा वेस्ट इंडीजमधली आहे, असं त्यानं क्रिकेटच्या जोरावर ठोकून दिलं. गंमत म्हणजे ते खरं निघालं. सेंट लुशिया नावाचं बेट. नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जातं.

मुलगा कमावता झाला, पण जाणं काही झालं नाही. कुणाचं होतं? डोळे मिटायच्या आधी म्हातारी म्हणाली, "जिवंतपणी नाही जमलं, असू दे. चिमूटभर तरी तिकडे सोड." संदेश हो म्हणाला. अस्थी नाशिकला सोडल्या आणि चिमूटभर तेवढ्या लाल कापडात बांधून ठेवल्या.

आणि खरंच नेल्या हो त्यानं! मुलीची दहावी म्हणून बायको घरी राहिली; हा एकटा टूरवाल्यांबरोबर गेला. एका बेटावर धबधबा, दुसऱ्यावर कासवं, तिसऱ्यावर उकळत्या चिखलाचं कुंड, आणि सगळीकडे "आजही बटाटाच का?" असं विचारणारी आपली माणसं. शेवटी ते दोन डोंगर आले. चित्रातल्यापेक्षा देखणे. वाळू पांढरी. फक्त चिटपाखरू नाही, हे कॅलेंडरवाल्यानं खोटं सांगितलं होतं. छत्र्या, खुर्च्या, शहाळ्यात नळ्या घालून पसरलेले गोरे. संदेश फुलाफुलांची अर्धी चड्डी घालून उभा, आणि खिशात आई. टूर मॅनेजर ओरडतोय, "चला चला, पंधरा मिनिटं!" संदेश गुडघाभर पाण्यात गेला. खिशात हात घातला. जवळच एक गोरी बाई पोहत होती, ती त्याच्याकडे बघून हसली...

एवढंच. त्याला लाज वाटली. ज्यांचं तोंड पुन्हा जन्मात दिसणार नव्हतं, ते लोक काय म्हणतील याची. त्यानं हात रिकामाच बाहेर काढला, डोंगरांचा फोटो घेतला आणि बसमध्ये जाऊन बसला.

आईला पार उंबरठ्यापर्यंत नेऊन परत आणलं.

घरी आल्यावर एका पहाटे दुर्गाडीच्या गणेश घाटावर ती पुडी त्यानं खाडीत टाकली. कापडासकट. फोटो मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं, 'आईची इच्छा पूर्ण.' मग काय, हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. सोसायटीनं वार्षिक सभेत शाल-श्रीफळ दिलं. नारळ माझ्याच हातून दिला गेला. असली कामं निवृत्त माणसालाच सांगतात. त्यानं तो खाली मान घालून घेतला. आम्ही म्हटलं, काय विनय आहे! खरं काय ते त्यानं बायकोलाही, रुचितालाही, सांगितलं नव्हतं.

तर, मावशीला सोडून तो परत फिरला तेव्हा बारा वाजायला आले होते.

दुर्गाडीचा पूल तुम्हाला माहीत आहे. रात्री तिथं ट्रक-कंटेनरची रांग तुटत नाही. त्या रात्री एकही गाडी नव्हती. पुढे नाही, मागे नाही. खाली अमावास्येची भरती. पाणी इतकं वर आलेलं, की स्कूटरचा आवाज त्याच्यावर आपटून परत येत होता.

पूल संपतो तिथं, घाटाकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, एक बाई उभी होती. म्हातारी. हात वर केलेला.

चुकलेली असेल कुणी, म्हणून संदेश थांबला. इंजिन चालूच ठेवलं.

"दादा, जरा सांगता का," ती म्हणाली, "इथं समुद्रातून वर आलेले दोन डोंगर आहेत ना, ते कुठल्या बाजूला?"

संदेशनं ब्रेक दाबून धरला होता. तो सोडायचंही त्याला सुचेना.

तोच आवाज. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. पायाला खाडीचा काळा चिखल. चेहरा... चेहरा त्यानं नीट पाहिला नाही. पाहवला नाही.

"मराठी कळतं ना तुम्हाला? कळतच असणार. मला वाटलं होतं, परदेशात सगळे इंग्रजी बोलतील. पण इथले मासेवालेसुद्धा मराठीतच शिव्या देतात हो!" ती हसली. "मुलानं आणलं मला. विमानानं. मी म्हटलं होतं त्याला, एकदा ने. आणलंन."

हेल्मेटची काच खाली होती. काळी काच.

"वाळू शोधतेय कधीची. चित्रात पांढरी होती. इथं सगळा चिखलच लागतो. मी चुकीच्या बाजूला आले का?"

आता बघा. दोन अक्षरं म्हणायची होती. 'आई.' काच वर करायची आणि म्हणायचं. पाया पडायचं. आई मला लाज वाटली, मी तुला परत आणलं, हे ते नाही. एवढंच. 'आ' म्हणायला तोंड उघडलंही होतं त्यानं...

"भरती आहे," तो आवाज बदलून म्हणाला. "भरतीत वाळू दिसत नाही."

"अगं बाई! खरंच की." ती स्वतःवरच हसली. "कोकणातली ना मी? मला कळायला हवं होतं."

"आणि डोंगर?" तिनं विचारलं.

त्यानं हात वर केला. दुर्गाडीच्या किल्ल्याकडे बोट दाखवलं.

"हा एक."

"आणि दुसरा?"

"अंधारात आहे."

ती बघत राहिली. बराच वेळ. किल्ल्यावर एक दिवा होता, तेवढाच.

"लहान आहे," ती म्हणाली. मग घाईघाईनं, कुणाला वाईट वाटू नये तशी, "पण छान आहे हो. चित्रात मोठंच दाखवतात. छान आहे."

संदेश मला म्हणाला, काका, ती ओरडली असती ना, केस मोकळे सोडून अंगावर आली असती, तर बरं झालं असतं.

"एक निरोप द्याल?" ती जवळ आली. चिखलाचा वास आला. पाऊल वाजलं नाही. "माझा मुलगा इकडेच असेल कुठेतरी. भेटला तर सांगा, आईला आवडलं. त्याच्या जिवाला उगाच लागायला नको. घाईत होता तो त्या दिवशी. गोरामोरा झाला होता. मी बघितलं ना."

"सांगाल ना?" तिनं पुन्हा विचारलं.

संदेशनं मान हलवली. हेल्मेट हललं.

तिनं दोन्ही हात वर केले. हेल्मेटवरून, लांबूनच, वरून खाली फिरवले. लागला नाही एकही. मग स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

कड... कड...

तेवढाच आवाज. खाडीचाही नाही.

ती घाटाच्या पायऱ्या उतरली. पाणी घोट्याला. गुडघ्याला. कमरेला. तरंग नाही. मग नुसतं पाणी.

मागून कंटेनरनं हॉर्न दिला. पाहतो तर रांग लागलेली. ड्रायव्हर आईवरून शिव्या देत होता.

तो घरी कसा पोचला, त्याला आठवत नाही. पत्री पूल आठवत नाही, नव्वद फुटी रस्ता आठवत नाही. काच मात्र त्यानं वाटेत एकदाही वर केली नाही, हे पक्कं आठवतं. रस्त्यावर कुणी आपलं तोंड बघू नये, एवढंच एक डोक्यात होतं.

रुचितानं दार उघडलं. हा तसाच आत येऊन खुर्चीवर बसला.

"अरे, घरात तरी काढ ते! चंद्रावर निघालायस का?" तिनंच ते ओढून काढलं. "आणि काचेला काय माखून आणलंस? चिखल?"

तिनं ओलं फडकं आणलं. पुसलं. पुन्हा पुसलं. मग नखानं खरवडून पाहिलं.

"निघत कसं नाही रे हे..."

तिनं हेल्मेट उलटं केलं. आत हात घातला. बोट बाहेर काढलं ते काळं. ओलं.

"संदेश," ती हळूच म्हणाली, "हे आतल्या बाजूनं आहे."

ट्यूबलाइटखाली धरलं तेव्हा स्पष्ट दिसलं. एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला चार बोटं. शाळेत जायच्या वेळी पोर चुळबुळ करतं, तेव्हा भांग पाडायला आई एका हातानं त्याचे दोन्ही गाल धरते ना...

तसे.