सतरा नंबरचं टोकन

कासारवाडीच्या तरणतलावावर सकाळची बायकांची वेळ संपली. आम्रपाली ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आली, तेव्हा खिडकीशी उभा असलेला एक माणूस जीवरक्षकाला विचारत होता, "समुद्रात शार्क आला, तर पोहणाऱ्यानं काय करावं?"

जीवरक्षक प्रीतमने चहाचा पेला खाली ठेवला. "साहेब, आमच्या टँकमध्ये आजवर फक्त बेडूक आलाय. तोही पावसाळ्यात."

माणूस हसला नाही. त्याने वहीत खरोखरच काहीतरी लिहिलं. त्याच्या शर्टाच्या खिशावर चाकणच्या त्याच कंपनीचं नाव शिवलेलं होतं, जिच्या क्वालिटी खात्यात आम्रपाली चार वर्षं काम करत होती.

"बेडूक लिहिलंत?" तिने विचारलं.

"नाही. जीवरक्षकास अनुभव नाही, असं लिहिलं."

तो धम्मरत्न. कंपनीत नुकताच आलेला सेफ्टी ऑफिसर, गाव नांदेडकडचं. जानेवारीत कंपनीची सहल दिवेआगरला निघायची होती आणि परदेशातल्या मोठ्या ऑफिसने धोक्यांचा एक लांबलचक फॉर्म पाठवला होता. त्यात एक रकाना समुद्री प्राण्यांचा. कुणीही तिथे एक रेघ मारून मोकळं झालं असतं. पण त्याला रकाना रिकामा ठेवण्याची सवय नव्हती.

"तुम्हाला पोहता येतं?" आम्रपालीने विचारलं.

"नाही. समुद्रही बघितला नाही अजून."

"मग शार्कसमोर काय करणार?"

"मला पोहता येत नाही, हे त्याला कुठं ठाऊक असणार."

हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की ती कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर, पार नाशिक फाट्याच्या पुढे गेल्यावर हसली.

त्याच आठवड्यात तिच्यासाठी नाशिकचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं सज्जन. तिचे वडील खंडू यांनी काही दडपण आणलं नाही. सहलीहून परतल्यावर हो की नाही ते सांग, एवढंच म्हणाले. नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. हो म्हणायलाही नव्हतं, पण त्याची चौकशी कुणी करत नाही.

खंडूंची बत्तीस वर्षं पिंपरीतल्या एका कंपनीत भट्टीवर गेली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. ते भोंगे आता कुणाच्या कानातही राहिले नाहीत. पण कामावर येताना फळ्यावर लावायचं आणि सुटल्यावर काढून घ्यायचं ते त्यांचं पितळी टोकन घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अजून आहे. एकदा पाळी सुटल्यावर फळ्यावर एकच टोकन लटकत राहिलं होतं. ते पाहून माणसं परत आत धावली आणि भट्टीमागे बेशुद्ध पडलेला सोबती हाताला लागला. ही गोष्ट आम्रपालीने जेवताना इतक्यांदा ऐकली होती, की एकदा चहाच्या रांगेत तिने ती धम्मरत्नला सहज सांगून टाकली. त्याने वही काढली नाही. फक्त ऐकत राहिला, आणि शेवटी विचारलं, "तो माणूस पुढं किती वर्षं जगला?" असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सहल जवळ आली तशी शिफ्ट सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांच्या उभ्या सभेत तो रोज समुद्राचा एकेक नियम सांगू लागला. पहाटे आणि सांज झाल्यावर पाण्यात उतरायचं नाही. एकट्याने जायचं नाही. अंगावर चमकणारं काही नको, शार्कला ते माशाच्या खवल्यांसारखं दिसतं. जखम वाहत असेल तर किनाऱ्यावरच बसायचं. जाळी ओढत असतील, मासे साफ करत असतील, तिकडे फिरकायचं नाही. मग शेवटी प्रामाणिकपणे हेही सांगायचा, की आपल्याकडे भीती आहे ती शार्कपेक्षा पाण्याच्या ओढीची.

प्रेस मशीनवरचे उद्धवराव निवृत्तीला आलेले, त्यांना कुणाची भीड नव्हती. "सायेब, शार्कला हेल्मेट सक्तीचं हाय का न्हाई?" सगळी लाइन हसली. धम्मरत्नने ते हसू संपू दिलं आणि पुढचा नियम सांगितला.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आम्रपाली मुद्दाम त्याच्या समोर बसली.

"आणि समजा, आलाच समोर... तर?"

"हातपाय झाडायचे नाहीत. त्याच्याकडे बघत राहायचं."

"डोळ्यांत डोळे घालून?"

"हो. नजर काढायची नाही. पाठ दाखवायची नाही. हळूहळू किनाऱ्याकडे सरकायचं."

"आणि फारच जवळ आला तर?"

"तर मात्र... नाकावर ठोसा. नाहीतर डोळ्यांवर, कल्ल्यांवर."

एवढं सांगून झालं तरी त्याने नजर काढली नाही. तिनेही नाही. ताटातली आमटी गार झाली. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, उठला आणि रिकामं ताट समजून तिचं भरलेलं ताट उचलून घेऊन गेला.

पण त्यापलीकडे तो एक शब्द बोलला नाही. आम्रपालीला नियमांचा कंटाळा नव्हता. ह्या माणसाच्या आत नियमांखेरीज काही आहे का, तेवढं तिला सहलीच्या आत कळायला हवं होतं.

दिवेआगरला सुरूच्या झाडाला त्याने एक फळी ठोकली. बेचाळीस खिळे, बेचाळीस टोकनं. पाण्यात जाताना आपल्या नंबरचं टोकन खिळ्याला लावायचं, बाहेर आल्यावर काढून घ्यायचं. खिळ्यावर टोकन म्हणजे माणूस पाण्यात. आम्रपालीचा नंबर सतरा. टोकन लावताना तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चंदेरी पट्ट्यांचं नारंगी जॅकेट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. पहिल्यांदाच समुद्र बघत होता आणि तरी डोकी मोजत होता.

साडेपाचला शिट्टी झाली आणि बाकीची मंडळी चहाला परतली. आम्रपाली त्याआधीच लांब, कोळ्यांच्या होड्या लागतात त्या बाजूला बाहेर आली होती. तिथे एका कोळिणीच्या टोपलीत हातभर लांबीची मुशी पडली होती. मुशी म्हणजे लहान शार्कच. आम्रपाली थबकली. एवढ्या दिवसांच्या चर्चेचा विषय टोपलीत निपचित पडलेला... ती कोळिणीशी गप्पा मारत बसली. मुशीचं कालवण कसं करतात, हळद आधी की नंतर, सगळं विचारून घेतलं. फळीची आठवणच राहिली नाही.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा तिला लांबवर लाटांमध्ये दोन चंदेरी पट्टे लकाकताना दिसले. छातीएवढ्या पाण्यात एक नारंगी ठिपका... पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता. आणखी आत जात होता.

ती धावली. पाण्यात शिरली. पोहणारीला ते अंतर फार नव्हतं. जॅकेटची कॉलर धरून तिने त्याला ओढत वाळूवर आणलं. तो बराच वेळ खोकला, मग त्याने डोळे उघडले, आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"किती वाजले?" तिने विचारलं.

त्याने सवयीने घड्याळ पाहिलं. "सहा दहा."

"सांज झाल्यावर पाण्यात उतरायचं नाही, हे कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"एकट्यानं जायचं नाही?"

"मीच."

"चमकणारं काही?"

त्याने मान खाली घालून जॅकेटकडे पाहिलं. नडगी खडकावर घासून रक्त येत होतं, ते तिने विचारायच्या आधी त्यानेच हाताने झाकलं.

"सतरा नंबर लटकत होता," तो म्हणाला. "एक्केचाळीस निघाले. सतरा... निघेना."

"दुसऱ्या कुणाचा राहिला असता तर?"

त्याला खोटं बोलता येत नव्हतं, हे तिला तोवर कळलं होतं.

"तर शिट्टी वाजवली असती," तो म्हणाला. "होडीवाल्यांना बोलावलं असतं. नियमात तसंच आहे."

लाट आली, दोघांच्या पायांखालची वाळू ओढून घेऊन गेली. आम्रपालीने आपली ओढणी फाडली आणि त्याच्या नडगीला बांधली. गाठ मारायला तिला लागायला हवा त्याहून जास्त वेळ लागला, आणि त्याने घाई केली नाही.

रविवारी घरी पोचल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं. खंडूंनी मुलाचा पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. चष्मा काढून पुसत राहिले.

"पोहता येत नव्हतं म्हणतेस?"

"नाही, बाबा."

"आणि टोकन बघून आत शिरला?"

"हो."

खंडूंनी खिळ्यावरच्या पितळी टोकनाकडे पाहिलं. "नाशिकला मी उद्या फोन करतो," ते म्हणाले. "नम्रपणे करतो."

कंपनीच्या गेटशी एक पेटी आहे. अपघात होता होता टळला, तर पाहणाऱ्याने त्यात कार्ड भरून टाकायचं, आणि सेफ्टी ऑफिसरने ते वाचून, उपाय लिहून परत करायचं. सोमवारी सकाळी आम्रपालीने एक कार्ड टाकलं. 'काय घडले' या रकान्यात लिहिलं: पोहता न येणारा कर्मचारी सर्व नियम मोडून समुद्रात गेला. 'कारण' या रकान्यात: माझी चूक, टोकन काढायचे राहिले. 'सुचवलेला उपाय' या रकान्यात मात्र तिचं पेन थोडं अडलं. मग तिने लिहिलं: सदर कर्मचाऱ्याने आमच्या घरी यावे. बाबा रविवारी घरी असतात.

दुपारच्या चहाच्या वेळी कार्ड तिच्या टेबलावर परत आलं. एकही रकाना रिकामा नव्हता. 'जबाबदार व्यक्ती' पुढे त्याचं नाव. 'पूर्ण करण्याची तारीख' पुढे: येता रविवार, सकाळी अकरा. आणि अगदी खाली, 'शेरा' लिहिलेल्या ओळीवर, त्या नीट, सरळ अक्षरात:

सोबत आई येईल. नांदेडहून गाडीत बसली आहे.