मोकळ्या मोटारीवरचा जोर

बसा असे, जवळ. मी काही यंत्रातला माणूस नाही, त्यामुळं कुठं चूक झालीच तर ती माझी समजा, व्यंकटरावांची नाही. ते माझे मित्र, इलेक्ट्रिकल इंजिनिअर.

६ जानेवारी १९९४, गुरुवार. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, एसटीचा भरवसा नव्हता. तरी परभणीहून मिळेल त्या जीपनं व्यंकटराव रात्री नऊला बोरीजवळच्या एका सूतगिरणीत पोचले. काम साधं होतं. पिंजणयंत्राच्या मोटारीचा वेग ठरवणारी इन्व्हर्टरची पेटी रोज रात्री अडीचला बंद पडत होती. पडद्यावर कारण एकच यायचं : प्रवाह जास्त. म्हणजे मोटारीला काहीतरी अडवतंय.

गिरणी बघूनच व्यंकटरावांना किळस आली. तारा उघड्या, पेटीवर बोटभर कापूस, आणि टेस्टर खराट्यासारखा धरणारा हा फिटर, धोंडप्पा.

"साहेब, मोटारीत काय न्हाई. आमी समदं बघितलं."

"कसं बघितलंत? वास घेऊन?"

"दसऱ्यात सुलाबाईचा पदर ह्याच शाफ्टात गेला. जागीच गेली बाई. जाळी तवाबी नव्हती, आताबी न्हाई. अन् रोज तिच्याच टायमाला बंद पडायलंय. आदी जाळी बसवा साहेब, मंग चालू करा. आता तिच्या जागी बायनाबाई कामाला ऱ्हाती."

"धोंडप्पा, इन्व्हर्टर शिकायला मी बंगळूरला गेलो होतो. तिथं भुताचा धडा नव्हता."

कोपऱ्यात बसलेली बायनाबाई तोंडाला पदर लावून हसली. कायद्यानं बायकांना रात्रपाळी नव्हती; पण कायदा परभणीतच राहतो, अशी मालकाची समजूत.

व्यंकटरावांनी पद्धतशीर सुरुवात केली. मोटारीच्या तारा सोडल्या. पेटी नीट चालली. मोटार तपासली, तीही चांगली. मग तारा जोडून पट्टा उतरवला. आता मोटारीला ओढायला काही उरलंच नाही. दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मोकळी मोटार सुरू केली.

"बघा, कशी फिरते! यंत्रच जाम आहे तुमचं. तेल घाला, नारळ नको."

अडीच.

प्रवाहाचा आकडा चढू लागला. सहा. अकरा. एकोणीस. मोटारीला काही जोडलेलं नव्हतं... पुली हळू झाली. थांबली. पेटी बंद.



धोंडप्पाकडं न बघता व्यंकटरावांनी पट्टा चढवला आणि प्रवाहाची मर्यादा शेवटपर्यंत वाढवली. आता काहीही अडकलं तरी पेटी थांबणार नव्हती. यंत्र का थांबतंय, हे विचारायचं सोडून ते थांबणार कसं नाही, एवढंच त्यांनी बघितलं. इतक्या शिकलेल्या माणसानं!

"साहेब, पाया पडतो..."

"भीती वाटत असेल तर घरी जा."

यंत्र चाललं. छान चाललं. दहा मिनिटं. वीस.

"काय धोंडप्पा, गेली का तुमची सुलाबाई?"

बायनाबाई सांडलेला कापूस गोळा करायला शाफ्टाजवळ वाकली.

पदर...

किंकाळी अर्धीच निघाली. व्यंकटराव धावले. पेटी दहा पावलांवर. तेवढ्या वेळात संपलं असतं.

पण शाफ्ट थांबला होता.

मोटार गुरगुरत होती. पडद्यावर वेगाचा आकडा पूर्ण. पट्टा जळायला लागलेला. आणि शाफ्ट... जागच्या जागी. कुणीतरी दोन्ही हातांनी धरावा तसा.

धोंडप्पानं मेन स्विच ओढला. दिवेही गेले.

"बायनाबाई?"

धोंडप्पा अंधारात बॅटरी चाचपडत होता.

"बायनाबाई!"

मग श्वास ऐकू आला. बॅटरीच्या उजेडात ती दिसली, शाफ्टापासून लांब, भिंतीला टेकून. दोन्ही हात डोळ्यांवर. शाफ्टावर तिच्या लुगड्याची वीतभर चिंधी गुंडाळलेली होती. उरलेला पदर मागं ओढून, पाठीच्या मधोमध, स्वतःचा हात पोचत नाही अशा जागी बांधलेला. दोन गाठी.

"कुणी बांधला?" व्यंकटरावांनी विचारलं.

"मला काय ठावं, साहेब... माजे हात तर डोळ्यावर व्हते."

व्यंकटरावांनी मर्यादा पुन्हा खाली आणली, पेटीला कुलूप लावलं, आणि लोहार जाळी ठोकून देईपर्यंत चावी मालकाला दिली नाही. चार दिवस तिथंच राहिले.

गाठी मात्र सुटल्या नाहीत. कापून काढाव्या लागल्या. ते कापड व्यंकटरावांनी मला एकदा दाखवलं. मीही प्रयत्न केला. नखं तुटली...

अजून घट्ट आहेत.