रांग बारा, खुर्ची सतरा

"उठता का जरा? ही खुर्ची माझी आहे."

ती हळूच म्हणाली, पण खुर्चीतला माणूस हलला नाही. त्याने आधी तिच्या ओल्या छत्रीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग खिशातून वर्षभराचं तिकीट काढून असं धरलं, जणू कोर्टात पुरावाच सादर करतोय.

"नऊ वर्षं प्रतीक्षायादीत काढली, तेव्हा कुठे मिळालीये ही."

"नऊच ना? माझ्या बाबांनी एकेचाळीस वर्षं बसून झिजवलीये ती. आता त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून माझ्या नावावर केली."

तिनेही तिकीट पुढे केलं. दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी... उत्तर बाजू, रांग बारा, खुर्ची सतरा. एका अक्षराचाही फरक नाही. वरून पाऊस भुरभुरत होता, खाली मैदानावर दोन्ही संघ उभे राहिले होते, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, बसा खाली! का तिथेच संसार मांडताय?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला मात्र हसू आवरेना.

चूक त्या दोघांची नव्हतीच. गेल्या वर्षी क्लब विकत घेतला होता गाद्यांच्या धंद्यातल्या दोन भावांनी. आल्या आल्या त्यांनी चांगला गोलकीपर विकला. क्लबच्या चिन्हावरचा ताठ मानेचा बगळा बदलून असा काही नवा बगळा आणला, की तो उशीवर डोकं टेकून पडल्यासारखा दिसे. "गादीवाले आपल्याला कायमचं झोपवणार," असं लोक म्हणायचे. आणि तिकिटांची जुनी वही मोडीत काढून जे नवं यंत्र बसवलं, त्याने तीनशे खुर्च्या दोन-दोन जणांना विकून टाकल्या. तक्रार करायला गेलं तर उत्तर एकच, "नोंद झाली आहे, कळवू."

"तडजोड करू," तो म्हणाला. "पहिला अर्धा माझा, दुसरा तुमचा. उरलेला वेळ मागच्या कठड्याशी उभं राहायचं."

"आणि मध्यंतर?"

"मध्यंतर... ते दोघांचं."

अशी सुरुवात झाली. पंधरवड्यातून एकदा घरच्या मैदानावर सामना, आणि दर सामन्यात पंधरा मिनिटं त्या दोघांची. ती एका दंतवैद्याच्या कारखान्यात कवळ्या घडवायची. कितीही हात धुतले तरी गुलाबी मेण नखांच्या कडेला राहायचंच. तो लिफ्टा दुरुस्त करायचा. पहिल्याच मध्यंतरात त्याने तिचं नाव ठेवलं 'कवळीबाई', आणि तिने त्याचं 'वरखाली'.

"माझ्या गालाकडे काय बघताय?" एकदा त्याने विचारलं.

"गालाकडे नाही, दातांकडे. खालचा एक वाकडा आहे."

"काढून टाकू?"

"नको," ती पटकन म्हणाली, आणि मग उगीचच मैदानाकडे बघत राहिली. "त्याच्याशिवाय हसणं... साधं होईल."

तो उठताना खुर्ची स्वतःच्या रुमालाने कोरडी करायचा. ती बसली, की मागे कठड्याशी त्याचा आवाज ऐकू यायचा, कधी पंचाला सल्ला, कधी बचावफळीच्या नावाने बोटं मोडणं. पेनल्टी आली की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची, आणि तो मागून वाकून कानाशी सांगायचा, "धावला... मारला... उघडा डोळे, गेला आत!" श्वासाची ती ऊब तिला घरी जाईपर्यंत पुरायची.

पाचव्या सामन्याला त्याने फोन नंबर मागितला. तिने मान हलवली. "शिट्टी वाजली, की तुम्ही कोण नि मी कोण. इथलं इथेच बरं."

आपण असं का म्हटलं, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पंधरा मिनिटांची गोष्ट मोठी केली तर फुटेल, अशी काहीतरी धास्ती असावी. नाजूक साचा उन्हात ठेवायला माणूस कचरतो, तसं.

आणि मग मालकांनी आपला खरा डाव बाहेर काढला. शहरातलं हे मैदान विकायचं आणि क्लब हमरस्त्यापलीकडच्या नव्या स्टेडियमात न्यायचा. आडवा येत होता क्लबचा एक जुना नियम. आठ हजार वार्षिक खुर्च्यांपैकी निम्म्याहून जास्तींनी लेखी संमती दिल्याशिवाय मैदान विकता येत नव्हतं.

"कसलं स्टेडियम ते!" दहाव्या सामन्याच्या मध्यंतरात ती फणकारली. "इथे बसलं की गोलकीपरची शिवी ऐकू येते. तिथे दुर्बीण घेऊन बसावं लागेल."

तो नेहमीसारखा हसला नाही. कठड्यावरचं पाणी बोटाने पुसत म्हणाला, "बावीस लिफ्टा बसणारेत तिथे. आमच्या कंपनीला काम मिळेल म्हणतात. मला मुख्य मिस्त्री करणारेत."

"अच्छा... मग तुमची चांदी आहे."

तो काही बोलणार, तेवढ्यात शिट्टी वाजली.

त्याच आठवड्यात पत्र आलं. ज्या खुर्चीचे दोन धनी आहेत, ती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत एकाच्या नावावर झाली नाही, तर मालकांच्या ताब्यात जाईल आणि तिचं मत मालकांचं धरलं जाईल. दोघांपैकी जो विक्रीला संमती देईल, त्याचा हक्क आधी.

"म्हणजे आधी दोघांना एका पाटावर बसवायचं, मग भांडण लावून पाटच ओढून घ्यायचा," बाबा पत्र बाजूला ठेवत म्हणाले. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून ते खिडकीशी बसले होते. "गादीवाले बेरकी आहेत गं."

"बाबा, तुमची खुर्ची..."

"खुर्चीचं काय घेऊन बसलीस! मैदान गेलं तर खुर्ची काय ओट्यावर मांडायची? तुमच्यापैकी एकाने माघार घेतली, की झालं. संमतीवर सही न करता. तो पोरगा कसा आहे?"

"लिफ्टा दुरुस्त करतो."

"ते नाही विचारलं."

ती नखातलं मेण कोरत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "खुर्ची पुसून देतो."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. सकाळची प्रार्थना चुकवणार नाही, आणि मनातलं सांगणारही नाही. "मग ठेव विश्वास," ते म्हणाले. "पण ठेवायचा तर पुरता ठेव. सैल बसलेली कवळी ऐन जेवणात दगा देते, तुला मी काय सांगू?"

शुक्रवारी कारखान्यातून ती लवकर निघाली. पर्समध्ये माघारीचा अर्ज होता: 'मी खुर्चीवरचा हक्क सोडत आहे.' त्याच्याकडे संमतीपत्राची सही मागायला कुणी यायच्या आत खुर्ची सगळी त्याची व्हावी. बावीस लिफ्टा एकीकडे आणि आपला विश्वास एकीकडे. बघू काय जड भरतं ते!

क्लबच्या कचेरीची बोळ माणसांनी फुलली होती. खुर्च्यांचे जोडीदार एकमेकांना शोधत होते, दोन वयस्क गृहस्थ नाणं उडवून निकाल लावत होते, एक बाई "तुम्हीच ठेवा हो, मी उभी राहीन" म्हणून हट्टाला पेटली होती. आणि अगदी पुढे, खिडकीशी, ओळखीची पाठ होती.

तो वाकून सही करत होता.

गर्दीतून वाट काढत ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "झाली सही?"

तो दचकून वळला. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला. "झाली... तुम्हीही सही करायलाच आलात?"

"अभिनंदन," ती म्हणाली. आवाज शांत ठेवायला तिला सगळं बळ लावावं लागलं. "मुख्य मिस्त्री." आणि तरीही तिने आपला कागद खिडकीतून आत सरकवला. विश्वास ठेवायचा तर पुरता, असं ठरवून आली होती. समोरच्याने मोडला म्हणून आपण का मोडावा?

खिडकीत तीस वर्षं तीच बाई बसत होती. सगळे तिला मावशी म्हणायचे. मावशीने चष्मा नाकावर सरकवला, एक कागद वाचला, दुसरा वाचला, आणि कपाळावर हात मारला.

"काय येडी माणसं आहात रे! यानेही हक्क सोडलाय, तिनेही सोडलाय. मग बसणार कोण, मी?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"मला वाटलं," तो चाचरत म्हणाला, "बाबांच्या खुर्चीसाठी तुम्ही संमती दिलीत तर... नाइलाजाने दिलीत तर तुम्हालाच आयुष्यभर डाचेल. म्हणून आधीच सोडली. विचारायला नंबरही नव्हता."

"आणि बावीस लिफ्टा?"

"त्या दुसरा कुणी बसवेल. त्या दिवशी तेच सांगणार होतो, काम नाकारलंय. तुम्ही शिट्टीबरोबर खुर्चीत जाऊन बसलात."

"प्रेमाच्या गोष्टी नंतर," मावशीने खिडकीवर टकटक केलं. "धनी नसलेली खुर्ची मालकांची. पाचाला दहा मिनिटं आहेत. दोन्ही कागद रद्द करायचे तर एकच मार्ग, जोडखुर्चीचा अर्ज. पण तो एका कुटुंबातल्यांनाच मिळतो, कुटुंब म्हणजे एकच धनी. हा घ्या. नातं लिहा नि सह्या करा."

त्याने पेन हातात घेतलं, आणि ते 'परस्परांशी नातं' या रकान्यावर अडकलं.

"मित्र?"

"मित्र कुटुंबात धरत नाहीत," मावशी.

"शेजारी?"

"शेजारी कधी बसलोय आपण?" ती म्हणाली. "एक बसला की दुसरा उभा."

"मग भाऊ-बहीण लिहा आणि व्हा मोकळे," मावशी खाली बघत म्हणाली.

"नाही!"

दोघं एकदमच ओरडले. इतक्या मोठ्याने, की नाणं उडवणाऱ्या गृहस्थांचं नाणं खाली पडलं. बोळीत हशा पिकला. त्याचे कान लाल झाले. ती मात्र आता लाजली नाही. आतलं काहीतरी साच्यात नीट बसल्यासारखं स्वस्थ वाटत होतं तिला.

"मी खोट्यावर सही करत नाही," ती म्हणाली. "काही विचारायचं असेल, तर आत्ताच विचारा. आठ मिनिटं आहेत."

"इथे? रांगेत?"

"मग काय, मध्यंतराची वाट बघणार?"

"तसं नाही... पण तुम्हाला वाटेल, खुर्चीसाठी विचारतोय."

"खुर्ची तर तुम्ही सोडून बसलात. मीही सोडली. आता खुर्चीसाठी कसं असेल?"

त्याने एक मोठा श्वास घेतला. वाकडा दात दिसेल असं हसला. "लग्न कराल माझ्याशी?"

तिने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि रकान्यात, तिच्या त्या रेखीव अक्षरात लिहिलं, 'होणारे पती-पत्नी'.

"'होणारे'ला तारीख लागते," मावशी म्हणाली.

"हंगाम संपल्यानंतरचा पहिला रविवार," ती म्हणाली. "सामना नसेल त्या दिवशी. बाबांना विचारावं लागणार नाही, ते तेवढंच बघतील."

दोन सह्या झाल्या. मावशीने शिक्का असा आपटला, की टेबल हादरलं. मग पाच वाजले, खिडकीची फळी खाली आली, आणि आत मोजदाद सुरू झाली. दोघं भिंतीशी टेकून उभे होते. त्याच्या हाताला ग्रीसचा वास येत होता. तो हात आपल्या हातात कधी आला, ते तिला कळलं नाही.

अर्ध्या तासाने फळी वर गेली. मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"संमती हव्या होत्या चार हजार एक," ती वाचू लागली. "मिळाल्या तीन हजार नऊशे चोवीस. दोन धन्यांच्या तीनशे खुर्च्यांमधल्या मालकांच्या हाती लागल्या फक्त सहा. मैदान विकता येणार नाही. जा आता घरी सगळे!"

घरी कोण जातंय! बोळ अशी काही दुमदुमली, की भिंतीवरच्या जुन्या संघांच्या तसबिरी हलल्या. टोप्या उडाल्या, अनोळखी माणसं गळ्यात पडली, नाणंवाल्यांपैकी एकजण चक्क रडत होता. त्या कल्लोळात तो तिच्याकडे वाकला आणि काहीतरी बोलला. चारच शब्द. त्यांत पहिल्यांदाच 'तू' होतं.

तिला ते स्पष्ट ऐकू आलं. एकूण एक शब्द ऐकू आला. तरी आयुष्यात कधी खोटं न बोलणारी ती पोरगी कानामागे हात धरून म्हणाली,

"काय म्हणालास? परत सांग ना... काही ऐकू नाही आलं."