कोरा एडिटर, ओळ दोनशे बारा

तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण हे घडलेलं आहे, आणि जिच्या बाबतीत घडलं ती नायरी माझ्या शेजारच्याच खोलीत बसते.

अठरा जून. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलमधलं आमचं ऑफिस. दुपारचे साडेतीन.

रात्र नव्हती. जून म्हणजे इथे हिवाळा; दिवे, हीटर सगळं चालू होतं. बाहेर तीन दिवसांचा पाऊस.

नायरी अकरा दिवस बिनसुट्टीची राबत होती. डोळे नुसते चुरचुरत होते. पुराचा भोंगा वाजवणारा प्रोग्राम पाचच्या आत जुन्या पुलावरच्या यंत्रात चढवायचा होता. त्या पुलाच्या खालच्या अंगाला तिची आई एकटी राहायची.

काम उरलं होतं दोन ओळींचं.

तिने एक ओळ दुरुस्त केली. सेव्ह केलं.

टण्... टण्.

कपावर चमचा वाजावा तसं.

पडद्यावर ओळ दोनशे बारा आली होती. भोंगा कितीला वाजवायचा, ती ओळ. तिथे ४.२ मीटर असायला हवं होतं.

तिथे होतं... ३.८.

तिने ४.२ केलं. सेव्ह.

टण्... टण्.

३.८.

"काय गं, तोंड का उतरलंय?" पलीकडच्या टेबलावरून तेविताने विचारलं.

"डेसच्या सेटिंगनी छळलंय रे."

"मेला तरी पिच्छा सोडत नाही म्हातारा!"

दोघं हसले, पण नायरीला ते हसू पुरलं नाही. डेस, आमच्यातला सगळ्यात जुना, मार्चमध्ये गेला. अकरा वर्षांपूर्वी, ती नवी असताना, त्यानेच तिला आपल्या एडिटरची, म्हणजे ज्यात प्रोग्राम लिहितात त्याची, सेटिंगची फाईल दिली होती. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. शेजारणीकडून विरजण आणावं तशी जुन्याची फाईल नवा घेतो आणि जन्मभर वापरतो. आत काय आहे ते कोणी बघत नाही. डेसची फाईल चौदाशे ओळींची होती.

आणि डेसला एक खोड होती. सेव्ह केलं की कपावर चमचा दोनदा वाजवायचा.

तो कप त्याची मुलगी मार्चमध्येच घेऊन गेली होती.

"निम्मी फाईल बंद करून बघ," तेविता म्हणाला.

केली. ३.८.

मग दुसरी निम्मी. तरी ३.८.

"मग कोराच उघड ना बाई! पावणेपाच होत आले."

कोरा म्हणजे सगळी सेटिंग बाजूला ठेवून, नुसता एडिटर. ना रंग, ना सोयी, ना कोणाची कसली सवय. दोष गेला तर तो सेटिंगमध्ये होता. गेला नाही तर...

तिने कोरा उघडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. कोरा एडिटर नेहमी पहिल्या ओळीवर उघडतो. त्याला मागचं काही आठवत नसतं.

कर्सर दोनशे बाराव्या ओळीवर लुकलुकत होता.

नायरीने कीबोर्डवरून हात काढले.

"तेविता... नेटची वायर काढ."

त्याने वायर उपटली. तिने ४.२ लिहिलं. सेव्ह.

टण्... टण्.

या वेळी तेवितानेही मान वळवली.

३.८.

"हा ४.२ चा आकडा ठरवला कोणी?" त्याने हळूच विचारलं.

"डेसनेच."

परवानगीशिवाय तो आकडा बदलायचा म्हणजे नोकरीवर पाणी. पण तिच्यात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. जिवंत माणसाशी नाही, मग याच्याशी कुठून? चार पंचावन्नला तिने वायर परत लावली, ३.८ तसाच चढवला, घरी गेली आणि बूटही न काढता झोपली.

सकाळी सहा दहाला भोंगा वाजला. लोक टेकडीवरच्या शाळेत गेले. नायरीची आई मांजर काखेत मारून, चिखलातून.

साडेसहाला नदीचा बांध फुटला. तेव्हा पुलावर पाणी होतं बरोबर चार मीटर.

४.२ ला भोंगा वाजायचा होता, तो वाजलाच नसता.

चौकशीत नायरीला विचारलं, आकडा का बदलला. ती म्हणाली, थकले होते, चूक झाली. शाबासकी आणि समज, दोन्ही एकाच पत्रात आली.

गोष्ट इथे संपती तर मी ती कौतुकाने सांगितली असती.

आईचं घर राहिलं नाही. ती आता तिच्या बहिणीकडे राहते, वरच्या पुलापाशी. उंचावर आहे. तिथे पाणी चढल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

काल दुपारी नायरी माझ्याकडे आली. पांढरीफटक. आठ दिवस पाऊस नाही, लख्ख ऊन. आता ती रोज कोराच एडिटर वापरते. फाईल उघडली, तर कर्सर वरच्या पुलाच्या ओळीवर. तिथला आकडा ३.१.

तिने काहीच बदललं नाही. नुसतं सेव्ह केलं.

०.४.

आणि काल वरच्या पुलाखाली पाणी होतं अर्धा मीटर. म्हणजे डेसच्या हिशेबाने भोंगा आत्ताच वाजायला हवा.

तिने माझ्या खोलीतूनच फोन लावला. "आई, ऐक. मावशीला घे आणि आत्ताच्या आत्ता इकडे ये."

"अगं, डोकं फिरलं का तुझं? ऊन पडलंय. कपडे वाळत घातलेत."

"राहू देत कपडे!"

"काय झालंय ते तरी सांगशील?"

नायरीने माझ्याकडे पाहिलं.

"...नायरी? कपावर काय वाजवतेयस गं मघापासून?"

आमच्या दोघींच्या हातात काहीच नव्हतं.